गाव लहान, मग मदत शोधायची कुठे?

प्रश्न : मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही या लहान शहरात आलो, इथे आपलं म्हणावं असं कुणी नाही. त्यांचं पिणं वाढत चाललंय पण ते मान्यच करत नाहीत. नेटवर शोधलं की मोठ्या शहरांचेच पत्ते येतात, एक नंबर सापडला तर तो बंद. आणि इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, बाहेर कळलं तर? सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, तुम्ही सगळं त्यांच्यासाठी शोधताय आणि ते तर यायलाच तयार नाहीत, मग आधी स्वतःसाठीच शोधा ना. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप, १९३५ पासूनचा. पण घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, तो १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या बायकांनीच उभा केला, तिथे जायला नवऱ्याने दारू सोडलेली असावी किंवा त्याला सांगून यावं अशी कुठलीही अट नाही. फी पण नाही, ज्याला जमेल तो स्वखुशीने काहीतरी टाकतो. मुलं टीनएजर असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन असतं.

नेटवर दिसत नाही म्हणजे गावात नाहीच असं धरू नका. हे ग्रुप जाहिरात करत नाहीत, कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात तासभर भरतात आणि उठतात. अशा गोष्टी कुणाला माहीत असतील तर सरकारी हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करला. ओपीडीच्या रांगेत कशाला थांबताय, चौकशीच्या खिडकीवर सरळ विचारा सोशल वर्कर कुठे बसतात म्हणून. व्यसनमुक्ती केंद्रातही विचारा, पेशंट अ‍ॅडमिट नसला तरी काही ठिकाणी घरच्यांना बसू देतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र विचारू नका, दुपारपर्यंत तुमचे मिस्टर गल्लीभर झालेले असतील.

नंबर मिळाला की जाण्याआधी फोन करा, जागा आणि वेळ बदलत राहते. एएची मीटिंग असेल तर ओपन आहे की क्लोज्ड तेही विचारा, ओपनला कुणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त दारू सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी.

ओळखीचं म्हणाल तर तिथे नुसतं पहिलं नाव सांगतात आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असा नियम असतो. तरी लहान गावात समोरच्या खुर्चीत शेजारीण निघू शकते हे खरंय, पण तीही त्याच कारणाने आलेली असते हो! अगदीच नको वाटलं तर शेजारच्या गावची मीटिंग धरा, ऑनलाइनही असतात. पहिल्याच दिवशी नाही पटलं तर निदान सहा मीटिंगा बघा असं अल-अनॉनवालेच सांगतात.

आणि हो, वैतागून बाटल्या ओतून देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं, त्यामुळे सोडायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट बघत बसू नका, थेट पोलीस किंवा महिला हेल्पलाइन.