आधी नाक, मग जीभ

प्रश्न (निपाणी): मित्राने सिंगल माल्टची, म्हणजे एकाच भट्टीत केवळ मोड आणलेल्या जवापासून बनवलेल्या व्हिस्कीची, बाटली आणली. त्याच्या सांगण्यावरून ग्लासात नाक घालून जोराने वास घेतला, तर नाकात झिणझिण्या आल्या आणि स्पिरिटखेरीज काहीही कळले नाही. कोठे चुकले?

उत्तर: घाई झाली. स्कॉचमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीत, अल्कोहोल किमान ४० टक्के असावेच लागते, आपल्याकडील बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के छापलेले असते, आणि एवढे अल्कोहोल एका श्वासात आत गेले की नाक काही वेळ बधिर होते. दोघांनी प्रत्येकी १५ मिलिलिटरच घ्यावी. ग्लास तळाशी फुगीर आणि वर निमुळता असावा, कारण पसरट तोंडाच्या ग्लासातून गंध उडून जातो. त्यावर बशी झाकून दहा मिनिटे थांबावे. मग बशी काढून ग्लास हनुवटीपाशी धरावा, ओठ किंचित विलग ठेवावेत आणि हलका श्वास घेत ग्लास सावकाश वर आणावा. पहिला घोट अगदी लहान असावा, कारण तो केवळ जिभेला सवय होण्यासाठी असतो. चव दुसऱ्या घोटापासून पाहावी.

प्रश्न (खानापूर): जाणकार मंडळी व्हॅनिला, नासपती, टॉफी असे वास सांगतात. मला काकवीचा वास आला, तेव्हा मित्र हसला.

उत्तर: आपले नाक बरोबर होते. अशी चव पहिल्यांदा पाहताना मी बेळगावच्या टिळकवाडीतील एका स्नेह्याकडे बसलो होतो. बशी उचलताच मला गुऱ्हाळातील काहिलीची आठवण झाली, पण ते बोलायला मी संकोचलो आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. व्हॅनिलाचा गंध ओकच्या लाकडातून येतो. अमेरिकेतील बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांतच मुरवावी लागते, आणि तीच वापरलेली पिंपे पुढे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. जळक्या लाकडाचा आणि भाजक्या साखरेचा गोडवा ज्याने टॉफीतून ओळखला तो टॉफी म्हणेल, ज्याने काकवीतून ओळखला तो काकवी म्हणेल. आपल्या भागात बेळगावचा कुंदा आटताना येणारा खरपूस वास आहे, निपाणीच्या वखारीतील तंबाखूचा आहे, ओल्या सरपणाच्या धुराचा आहे. हे शब्द उसने आणावे लागत नाहीत, म्हणून ते अधिक नेमके असतात. एक पथ्य मात्र पाळा: दोघांनी आपापले शब्द आधी कागदावर लिहावेत आणि मगच बोलावे, कारण एकाने ‘मध’ म्हटले की दुसऱ्याला मधाखेरीज काही सापडत नाही.

प्रश्न (संकेश्वर): पाणी घालावे की बर्फ?

उत्तर: चव पाहताना बर्फ नको; गारव्याने गंध दबतो. साधे पाणी चमच्याने थेंब थेंब घालावे. धुरकट वास देणारे ग्वायकोल पाण्यामुळे पृष्ठभागाकडे सरकते, असे २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले आहे.

प्रश्न (चिकोडी): आमच्याकडे साखर कारखाने आहेत. भारतीय व्हिस्की मळीचीच असते, हे खरे का?

उत्तर: स्वस्त व्हिस्कींपैकी पुष्कळ व्हिस्कींमध्ये मळीच्या किंवा धान्याच्या मद्यार्कात थोडे माल्ट मिसळलेले असते, आणि मळीच्या मद्यार्काला युरोपीय संघात व्हिस्की म्हणता येत नाही. भारतीय सिंगल माल्ट मात्र मोड आणलेल्या जवापासूनच बनते. १९४८ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या ‘अमृत’ने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट स्कॉटलंडमधील ग्लासगोत विक्रीस नेली, याचा कर्नाटकात राहणारा माणूस म्हणून मला मनापासून अभिमान आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळूरच्या हवेत दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे इकडे ती लवकर मुरते आणि बाटलीवरील वर्षांच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

प्रश्न (बेळगाव): गोव्याहून चोर्ला घाटाने स्वस्त बाटली आणली तर चालेल का?

उत्तर: नाही. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेली बाटली परवान्याशिवाय सीमेपार आणू नये. बेळगावातील परवानाधारक दुकानातून लहान बाटली घ्यावी. मित्राकडे जाताना गाडीही नेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो, तेव्हा त्या रात्रीचा मुक्काम त्याच्याच घरी ठरवावा.