कुत्रं दोघांचंही ऐकायला हवं

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. आमच्याकडे सर्जा नावाचा तीन वर्षांचा कारवानी कुत्रा आहे, जतहून आणलेला. डिसेंबरअखेरीस मी आणि माझा मित्र गाडीनं कन्याकुमारीला जायचं म्हणतोय. सर्जाला न्यायची माझी फार इच्छा आहे. मित्र नाही म्हणत नाही, पण "दोन दिवसांत पोचू, कुत्र्याला काय, पडून राहील मागे," असं त्याचं मत. आजी म्हणते, कुत्र्याला कसलं आलंय देशाटन, माझ्याकडे जतला सोड. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आजींचं. जत-आटपाडीकडच्या मेंढपाळांची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या कळपाबरोबर लांब लांब चालत आली आहेत, हे आजींनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आमच्या साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला, असं इथं सांगतात. तेव्हा कुत्र्यानं माणसाबरोबर वाट चालणं आपल्याला नवीन नाही. पण जे कुत्रं गाडीत बसल्यावर तासाभरानंही धापा टाकतं, लाळ गाळतं, दाराला नखं मारत राहतं, त्याला आजींकडेच ठेवावं. सर्जा अर्ध्या तासात अंग टाकून झोपत असेल, तर तो येऊ शकेल.

आता मित्राबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न मला तिथं दिसतो.

मी आणि माझी मैत्रीण भुरीला घेऊन बरंच हिंडलो आहोत. भुरी माझी, साधी गावठी. पण पहिल्या लांबच्या प्रवासाआधी महिनाभर मैत्रीण रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन तिला भाकरी घालायची आणि फिरवून आणायची. "थांब" आणि "ये" हे शब्द भुरीनं तिच्या तोंडूनही ऐकायला हवेत, असा माझा हट्ट होता. समजा मदुराईत तुम्हाला ताप आला आणि तुम्ही दवाखान्यात पडलात, तर सर्जाचा पट्टा कोणाच्या हातात असणार? ज्याच्या हातात असेल त्याचं तो ऐकत नसेल, तर त्या परक्या गावात तुम्ही तिघंही अडकलात. म्हणून आजपासून मित्राला सर्जाचं एक वेळचं खाणं घालायला सांगा. तेवढं करायला तो तयार नसेल, तर ही सहल तुम्ही दोघांनीच करा. मैत्रीत त्यानं काही बिघडत नाही.

मित्राचंही ऐकून घ्या बरं का. त्याला मीनाक्षी मंदिर पाहायचं असणार, बोटीनं विवेकानंद शिलास्मारकावर जायचं असणार. दोन्हीकडे सर्जा येणार नाही. एकानं जायचं, दुसऱ्यानं कुत्र्यापाशी थांबायचं, मग अदलाबदल. हे निघण्याआधी ठरवा, तिथं गेल्यावर उन्हात उभं राहून नको. खोलीला कुत्र्यापायी जास्त पैसे पडले तर ते तुम्ही द्यायचे. पहाटे त्याला बाहेर न्यायची पाळी एकाआड एक. सर्जाच्या तब्येतीबद्दल शेवटचा शब्द तुमचा, आणि रात्री गाडी कधी थांबवायची याबद्दल मित्राचा. असं वाटून घेतलं की कुरबुरीला जागा राहत नाही.

दोन दिवसांत पोचायचा बेत मात्र सोडा. सांगलीहून कन्याकुमारी तेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. चार दिवस घ्या. हातकणंगल्यावरून शिरोलीला हायवे धरा; बेळगाव, धारवाड, हुबळी करत पहिला मुक्काम दावणगेरे किंवा चित्रदुर्ग. दुसऱ्या दिवशी बंगळुरू शहरात न शिरता तुमकूर रोडवरून नाइस रोडनं होसूर रोडला निघा आणि कृष्णगिरी किंवा सेलम गाठा. तिसरा मुक्काम मदुराई. चौथ्या दिवशी तिरुनेलवेलीवरून दुपारपर्यंत समुद्र दिसतो. दर दोन-अडीच तासांनी थांबायचं. ढाब्याच्या अंगणात त्याला उतरवू नका, तिथली कुत्री आपली हद्द राखून असतात. हायवे सोडून गावाकडच्या फाट्यावर थोडं आत गेलात की शांत जागा मिळते. सावली पाहा, आधी स्वतः उतरा, मग दार उघडा.

कारवानीची गोष्ट वेगळी आहे, म्हणून जरा जास्त सांगते. हे कुत्रं नजरेनं शिकार करणारं. लांब रानात ससा किंवा शेळीचं करडू हललं की ते सुटलंच, आणि मग तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. त्याचं डोकं मानेच्या मानानं चिंचोळं असतं, त्यामुळं साधा गळपट्टा मागं ओढ घेतली की सहज निघून येतो. छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या आणि घरी बोटं घालून तपासा. दोन बोटं जातील एवढाच ढिला हवा. मागच्या सीटवर हार्नेस सीटबेल्टच्या बकलला अडकवा. पुढच्या सीटवर बसवू नका, एअरबॅग फुटली तर त्याच्या जिवावर बेतेल. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. कुत्र्याला ते आवडतं हे खरं, पण हायवेवरचा खडा डोळ्यात गेला की इजा होते. त्याच्या अंगावर चरबी नाही, केस आखूड. डिसेंबरातली चित्रदुर्गची पहाट त्याला बोचेल, तेव्हा एक जाड घोंगडी त्याच्यासाठी घ्याच. तीच सीटवर अंथरली की तिच्या वासानं त्याला घरच्यासारखं वाटतं.

खाणं सकाळी थोडं, पोटभर रात्री मुक्कामाला. दहीभात, उकडलेलं चिकन-भात, जे घरी खातो तेच. ढाब्यावरचा रस्सा नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतो. शिजवलेलं हाडही नको, त्याच्या कपच्या होऊन आतडं फाटू शकतं. पाणी घरचं न्या, पुढं मिळेल तसं चांगलं भरून घ्या.

जेवायला दोघं एकदम आत आणि कुत्रं बंद गाडीत, हे कधीच नाही. बाहेर पंचवीस अंश असले तरी उन्हातली गाडी दहा मिनिटांत आठ-दहा अंशांनी तापते, काच इंचभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप लागूनच त्याचं अंग निवतं. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं, जीभ लालभडक झाली, पाय लटपटले, तर साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. बर्फ नको.

निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस वेळेवर झालीय का ते पाहा, गोचिडांचं औषध करून घ्या, लसीची वही गाडीच्या कप्प्यात ठेवा. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा आणि मित्राचा, दोघांचेही फोन नंबर हवेत. वाटेत मोकाट कुत्रं चावलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी डॉक्टर गाठा.

आणि एक. त्याआधी एका शनिवार-रविवारी तिघंही आंबा घाटानं गणपतीपुळ्याला जाऊन या. एक घाट, एक रात्र परक्या खोलीत, एक पाळी पहाटेची. मित्राचं काय, आणि सर्जाचं काय, ते परत येईपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल.

प्रश्न : आमचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात दर वेळी ओकतं. मैत्रीण म्हणते, आपण घेतो ती प्रवासाची गोळी अर्धी दे. देऊ का?
– एक वाचक, वाई

उत्तर : नको. माणसाची कुठलीही गोळी अंदाजानं देऊ नका. ताप-अंगदुखीच्या गोळ्या तर कुत्र्याला विषासारख्या होऊ शकतात. पिल्लाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पुरती तयार नसते, म्हणून वळणांवर त्याला मळमळतं. बरीच पिल्लं वर्षाची होईपर्यंत यातून सुटतात. तोवर निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं चालेल. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. आठवडाभर रोज इंजिन न लावता गाडीत नुसतं तुमच्याजवळ बसवा, मग वाईतल्या वाईत एक फेरी, मग घाटाच्या पायथ्यापर्यंत. सुरुवातीला प्रत्येक फेरी त्याच्या आवडीच्या ठिकाणी संपवा. गाडी फक्त डॉक्टरांकडेच नेत असेल, तर भीतीनंही ओकारी होते. एवढं करून थांबलं नाही, तर कुत्र्यांसाठीचं मॅरोपिटंट नावाचं औषध आहे. ते डॉक्टरांनी वजन पाहूनच द्यायचं.

प्रश्न : मी आणि माझा मामेभाऊ आमच्या लॅब्रडॉरला घेऊन म्हैसूरवरून ऊटीला निघतोय. बंदिपूरच्या जंगलातून रस्ता जातो. कुत्रं गाडीत असलं तर चालेल ना? मध्ये थांबता येईल?
– एक वाचक, कराड

उत्तर : थांबू नका. रात्री ९ ते सकाळी ६ तो रस्ता खासगी गाड्यांना बंद असतो, आणि दिवसाही जंगलात उतरणं मना आहे. कुत्र्याला तर क्षणभरही खाली सोडू नका. वाघ-बिबट्याची भीती आहेच, पण मला काळजी उलट बाजूचीही वाटते. आपल्या कुत्र्यांकडून कॅनाइन डिस्टेंपरसारखे विषाणू रानातल्या प्राण्यांना जाऊ शकतात. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, त्यातल्या अनेकांत हाच विषाणू सापडला होता. आपल्या कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे जातानाही हे ध्यानात ठेवा. भोवतालच्या गावापर्यंत कुत्रं न्यावं, राखीव जंगलात नाही.

तुम्ही असं करा. गुंडलुपेटला सावकाश थांबा, कुत्र्याला फिरवा, पाणी पाजा, त्याचं सगळं उरकू द्या. मग काचा वर, हार्नेस लावलेला, आणि हरणं दिसून तो भुंकू लागला तर आवरायला मामेभावानं आधीपासूनच मागं त्याच्याशेजारी बसावं. पुढचा थांबा थेट गुडलूरला.