तापीत चैत्राच्या दिवसांत होडीतून मरळ धरायला कोणता लूर चांगला?

लूर, म्हणजे नकली आमिष, सगळ्यात शेवटी. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून तुम्ही वल्ह्याची छोटी होडी घेतली, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात या दिवसांत पाणी रोज वेगळं दिसतं, तर लूर कोणता, रंग कोणता, आणि बाससारखी मरळही विणीच्या वेळी उथळ पाण्यात सोपी लागते का. या शेवटच्या प्रश्नावरून आमच्या घरात आजही वाद आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी बासचं सांगतो. तिकडे वसंतात पाणी गारठ्यातून हळूहळू वर येत असतं. 15 ते 18 अंशांच्या आसपास नदीतला स्मॉलमाउथ बास काठच्या खडीवर घरटं करायला येतो. ऊन वाढलं की त्याचा जोर वाढतो. आपल्याकडे होळी पेटली की सगळं उलटं. एप्रिलात भुसावळचा पारा 43-44 वर जातो, उथळ पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही. रोहू-कटला खोलात सरकतात. मरळ मात्र वर येऊन हवा घेऊ शकते, म्हणून ती काठ सोडत नाही, फक्त सावली धरते. जलपर्णीच्या कडेला, बुडालेल्या बाभळीत बघा. उन्हाचा मासा नाही तो, सावलीचा आहे. तेव्हा व्हिडिओत ‘दुपारी पाणी तापलं की जा’ म्हणतात ते इथे विसरा. सूर्य उगवायच्या आधी होडी पाण्यात हवी आणि दहाच्या आत बाहेर.

आता आमचा प्रसंग. चैत्र संपत आला होता, आदल्या दोन रात्री वऱ्हाडाकडे अवकाळी झाला होता. मी, माझे जिजाजी आणि होडी चालवायला चांगदेवच्या बाजूचे एक भोई नाना. जिजाजींकडे लूरची पेटी, त्यात रंगच रंग. होडीत बसल्या बसल्या त्यांनी पेटी उघडली. नाना म्हणाले, “भो, ते मंग काढजो. आधी पानी चढून राह्यलं का उतरून राह्यलं ते पाह्य.” आणि त्यांनी काठच्या चिखलाकडे बोट केलं. पाण्याच्या रेषेच्या वर ओली, चकचकीत पट्टी दिसली की पाणी उतरतंय. कोरड्या चिखलालाच पाणी टेकलंय, त्यावर काडीकचरा तरंगतोय, तर चढतंय. या दिवसांत कालव्याला पाणी सुटलं की फुगवटा उतरतोच, मागे गाळपेरीची जमीन उघडी पडते. उतरत्या पाण्यात मरळ गवताच्या आत थांबत नाही, बाहेरच्या कडेला येते. चढत्या पाण्यात ती नव्याने बुडालेल्या गवतात घुसते. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

त्या दिवशी पाणी किंचित चढत होतं आणि वऱ्हाडातून येणारी पूर्णा नदी काळी माती घेऊन आली होती. संगमाच्या खाली तापीचं बरं पाणी आणि पूर्णेचं गढूळ पाणी यांच्यामध्ये स्वच्छ रेघ पडली होती. नानांनी होडी रेघेच्या नितळ बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घेतली आणि बांबू चिखलात दाबून उभी केली. दगडाचा नांगर टाकू दिला नाही. तो तळाला आपटला की आजूबाजूचं सगळं सावध होतं. होडी हलकी असल्यामुळे वारा तिला आडवी फिरवतो आणि वरच्या अंगाने गेलात तर तुम्ही माशाच्या डोक्यावरच जाता. खालून वर जायचं, हे तुमच्या व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. एका वाळलेल्या बाभळीच्या बुंध्याशी मी रबरी बेडूक टाकला, दोनदा ओढून थांबवला, आणि पाणी फुटलं. मरळीने घेतल्यावर लगेच झटका देऊ नका. दोर ताठ होऊ द्या, मग मारा.

पुढे जलपर्णीच्या एका खिडकीत पाण्यावर पावसाचे थेंब पडावेत तसं काहीतरी हलत होतं. लालसर पिल्लांचा घोस. खाली आई-बाप दोघंही असणार. जिजाजींनी रॉड उचलला, कारण पिल्लांसमोर काहीही टाकलं तरी मरळ रागाने तुटून पडते, तिला भूक लागलेली नसते. नानांनी एक शब्द न बोलता बांबू उपटला आणि होडी वळवली. तेव्हापासून जिजाजी म्हणतात, “मासा मासाच असतो, आज मी नाही तर उद्या दुसरा धरेल.” मी म्हणतो, नाही. पिल्लांवरची मरळ धरणं ही मासेमारीच नाही. ती गेली की तो अख्खा घोस इतर मासे आणि पाणकावळे चार दिवसांत संपवतात. बासवालेसुद्धा घरट्यावरचा नर सोडून देतात, निदान चांगले तरी सोडतात. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, सोपी लागते, आणि म्हणूनच हात लावायचा नाही. जिजाजी हे वाचतीलच.

नदीत सुरुंग आणि विष टाकणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी टाकणारे टाकतात. त्यांच्याशी भांडायचं तर आधी आपले हात स्वच्छ हवेत.

रंगाचं विचारलंच आहे तर गढुळाला काळा, नितळ पाण्याला हिरवा-तपकिरी. गळाची टोकं वर असलेला बेडूक घ्या म्हणजे जलपर्णीत अडकणार नाही, आणि दोर जाड विणलेला. बाकीचे पैसे लाइफ जॅकेटवर घाला. पोहता येतं म्हणून टाळू नका, धरणाच्या खालच्या नदीत वाळू उपशाचे खड्डे आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. हतनूरला 41 दरवाजे आहेत, त्यांच्या आसपास वरून किंवा खालून होडी नेऊच नका. आणि जलाशयाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, जायच्या आधी त्यांना विचारा. विचारलंत तर बहुतेक वेळा तेच एखादा माणूस सोबत देतात. पहिल्या खेपेला तो घ्याच.