दीड वर्षाच्या मुलीसाठी मुंबईत पाळणाघर निवडताना सुरक्षेच्या दृष्टीने काय तपासावं?

दादरला ऑफिसजवळ पाळणाघर बघताय, तर आधी न्हाणीघर बघा. खेळणी आणि भिंतीवरची चित्रं नंतर. मुंबईत पाणी ठरलेल्या वेळेत येतं, त्यामुळे बादल्या आणि ड्रम भरून ठेवलेले असतात. दीड वर्षाचं मूल बादलीत डोकावताना तोल जाऊन पडलं, तर चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि तेही आवाज न होता. न्हाणीघराला मुलांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी हवी, ड्रमला घट्ट झाकण हवं. हे नसेल तर मी तिथे मूल ठेवणार नाही, फी कितीही कमी असो.

मग खिडकीची ग्रिल, सॉकेट आणि स्वयंपाकघराचं दार. इमारतीच्या अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, मागा. महाराष्ट्राच्या 2006च्या कायद्यानुसार तो दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. मावशींची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे तोंडी विचारू नका, कागद बघा.

एकदा दुपारी दोनच्या सुमारास न कळवता जा. मुलं झोपलेली असतात तेव्हा जागं कोण आहे, ते तेव्हाच कळतं. पालकांना आत येऊ देत नसतील तर दुसरीकडे बघा.

आणखी एक: तुमच्या कंपनीत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर सामाजिक सुरक्षा संहिता, 2020नुसार पाळणाघराची सोय देणं तिच्यावर बंधनकारक आहे. आईला दिवसातून 4 वेळा बाळाला भेटता येतं. एचआरला लेखी विचारा.