पेटी शिकायची ती कशासाठी?

मेलबर्नहून आलेल्या तुमच्या पत्रात गावच्या घराची वाटणी आणि मुलाचे मराठी यांवर पानभर मजकूर आहे आणि खरी काळजी शेवटच्या चार ओळींत, ओशाळून लिहिलेली आहे: "चाळिशी उलटल्यावर पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकतो आहे. कार्यक्रम करण्याइतकी ती कधी येणार नाही. मग नोकरी सांभाळून हा खटाटोप कशासाठी, असे पत्नी विचारते." मी आधी याचेच उत्तर देणार आहे, कारण आपण परदेशी राहणाऱ्यांनी प्रत्येक छंदाकडे प्रमाणपत्र मागण्याची वाईट खोड लावून घेतली आहे.

माझे थोरले काका वेंगुर्ल्याला मामलेदार कचेरीत कारकून होते आणि वाडीच्या भजनात पखवाज वाजवीत. संध्याकाळी घरी आले की ते पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, ओली कणीक अंगठ्याने दाबून बसवीत, थाप मारून कान देत, चिमूटभर कणीक काढीत, पुन्हा थाप मारीत आणि मग हातोडीने ठोकून उजवी पुडी पेटीच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, मिळवीत. दिवसभराचा कचेरीचा वैताग तेवढ्या वेळात ओसरलेला आम्हा मुलांना दिसे. निवृत्तीनंतर कचेरीतले कुणी फिरकले नाही, पण भजनाची माणसे अखेरपर्यंत आमच्या पडवीत येऊन बसत.

हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांनी 1887 साली कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सांभाळून संगीताचा अभ्यास केला, हे घरी जरूर सांगा. पण तुम्हाला तेवढी मजल मारायची नाही, भजन गाणाऱ्या बुवांच्या साथीला बसता आले की पुरे.

मात्र "कुणाला त्रास नको म्हणून दार लावून वाजवतो" हे तुमचे वाक्य वाचून मला रागच आला. बुवा गायला आज काळी एक ही पट्टी धरतात, उद्या पांढरी चार; गजराला लय चढत जाते, आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकली की झांजवाले लगेच वळून पाहतात. हे शिक्षण दाराआड कसे मिळणार? ओळखीची चार मराठी घरे एकादशीला भजनासाठी बोलवा आणि पत्नीलाही अभंग म्हणायला बसवा.

वाटणीवरून भावाशी फोनवर वाद घालू नका; येत्या गणपतीला गावी जाऊन, सातबारा समोर ठेवून बोला. त्याच मुक्कामात रात्री वाडीबरोबर घरोघरी भजनाला जा आणि मुलाच्या हाती झांज द्या. वाडीतली पोरे त्याला मराठी बोलायला लावतील.