आधी नाटक ठरव, मग गाडी

कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पुण्या-मुंबईला जाणार आहेस आणि ‘जमलं तर एखादं नाटकही बघेन’ असं लिहिलंयस. ‘जमलं तर’च्या भरवशावर नाटक बघणं होत नाही. कामं उरकून संध्याकाळी तिकीट शोधायला निघालं की त्या दिवशी जे उरलंय ते पदरात पडतं, आणि बऱ्याचदा तेच नाटक पुढे दौऱ्यावर कोल्हापुरात येतं. म्हणून आधी नाटक ठरव, मग गाडीचं बघ.

निवडताना पहिला प्रश्न हाच विचार: हा प्रयोग आपल्या गावाकडे येईल का? दौरा म्हणजे नेपथ्याची गाडी, कलाकारांची बस, मुक्काम, नाट्यगृहाचं भाडं. एवढा खर्च निघायचा तर ओळखीचे चेहरे लागतात. त्यामुळे मालिकांतल्या नटांची मोठी नाटकं इकडे येतात. नवख्या मुलांनी शंभर-दोनशे खुर्च्यांच्या जागेसाठी बसवलेलं नाटक मात्र क्वचितच येतं, कारण एवढ्याशा तिकीटविक्रीत प्रवासखर्चही सुटत नाही. प्रवासात बघावं ते हे. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर, इथून शोध सुरू कर. पृथ्वीत प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. टोकाची खुर्ची मिळाली तर अर्ध्या नाटकभर नटाची पाठ दिसते, म्हणून लवकर पोहोचून मधल्या भागात बस. तिथे उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत. मुंबईच्या रहदारीचा अंदाज घेऊन तासभर आधीच जुहू गाठ.

व्यावसायिक नाटकच बघायचं असेल तर जाहिरात नीट वाच. प्रयोग क्रमांक छापलेला असतो. शुभारंभाच्या प्रयोगाचं आकर्षण मी समजू शकतो, पण पहिल्या काही प्रयोगांत प्रवेशबदल रेंगाळतात, प्रकाशयोजनेचे इशारे चुकतात, हशा कुठे येणार याचा नटांना अंदाज नसतो. दहा-पंधरा प्रयोगांनंतर नाटक बसतं. उलट फार जुनं झालेलं नाटक असेल तर आत्ताचा नटसंच कोणता आहे ते तपास. ज्याच्यासाठी जातोयस त्याच्या जागी दुसराच कोणी उभा असू शकतो.

आता वेळेचं गणित. त्यात चुकलास तर नाटक अर्धवट सोडून पळावं लागेल. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तासांचं असतं. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सुटते, म्हणजे त्या रात्री परतायचं असेल तर रात्रीचा प्रयोग बाद. दुपारी चारचा प्रयोग मात्र बसतो: दादरच्या शिवाजी मंदिरात तो साडेसहाच्या आसपास सुटतो, दादर स्टेशन चालत गाठता येतं आणि महालक्ष्मी तिथे थांबते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरातला दुपारचा साडेबाराचा प्रयोग धर. तीन-सव्वातीनला बाहेर पडून स्वारगेटला एसटी पकडलीस तर रात्री घरच्या जेवणाला पोहोचशील. रात्री साडेनऊचा प्रयोग बघायचा तर पुण्यातच मुक्काम कर. गाडीचं वेळापत्रक निघण्याआधी पुन्हा एकदा बघ, कारण वेळा बदलतात.

मोठ्या नाट्यगृहात तिकीट काढताना प्लॅनवर पाचवी ते दहावी रांग, मध्याजवळची खुर्ची माग. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि सगळा रंगमंच एका नजरेत मावत नाही. बाल्कनीच्या छताखालच्या मागच्या रांगांत आवाज दबतो. पैसे कमी असतील तर त्या रांगांपेक्षा बाल्कनीची पुढची रांग बरी.

हे झालं नाट्यगृहाचं. पण माझं मन विचारशील तर पहिला प्रवास सिंधुदुर्गाकडे कर. कार्तिकापासून तिकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, होतो. तिकीट नाही. तारीख तिथीवर ठरते, म्हणून कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुणाला तरी फोन करून तीन गोष्टी विचार: जत्रा कुठल्या देवळाची, मंडळी, म्हणजे खेळ करणारा नटसंच, कोणती आणि आख्यान, म्हणजे कथा, कोणतं. आख्यान पुराणातलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर रचतात. त्यामुळे तेच आख्यान दोन मंडळींकडे बघितलं तर दोन वेगळी नाटकं दिसतात, आणि अभिनय म्हणजे काय हे त्या तुलनेत जितकं कळतं तितकं वर्गात बसून कळत नाही. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं: तेच सिंहासन, तेच रथ. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार होतो, मग आख्यान. नवखे लोक आडदशावतार चुकवून येतात. तू तसं करू नकोस. संकासुराची मालवणी समजली नाही तरी त्याची चाल बघ, तो प्रेक्षकांशी कसा बोलतो ते बघ.

खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. स्वेटर आणि अंथरायला चादर ने, पेटीवाल्याच्या बाजूला पुढे बस, आणि फोटो काढताना फ्लॅश बंद ठेव. खेळ संपल्यावर लगेच घाट चढायला निघू नकोस. रात्रभर जागलेल्या माणसाने आंबोलीच्या वळणांवर गाडी चालवू नये. गावातच दोन-चार तास झोप काढ.

आणि एवढ्या लांब जाण्याआधी जवळचं बघून घे. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटाची प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावर होते, साधारण नोव्हेंबरपासून पुढे. तिकीट अगदी किरकोळ असतं. रोज एक नाटक, वेगवेगळे संघ, काही कच्चे, काही थक्क करणारे. सलग आठवडाभर बघितलंस तर कुठे लेखन उणं पडलं आणि कुठे दिग्दर्शन, हे तुझं तुला दिसायला लागेल. सांगलीही पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ केलं ते तिथेच, म्हणून तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या सुमाराला तिथल्या भावे नाट्यमंदिरात काय आहे याची चौकशी करून ठेव.

तारखा ठरल्या की कळव. दशावताराला निघणार असशील तर आठ दिवस आधी सांग, कुडाळकडे कुणाला विचारायचं ते मी बघतो.

तुझा,
काका