लिलावात घेतलेला लष्करी ट्रक घरी चालवत आणावा की ट्रेलरवर लादून?

तुम्ही लिहिलंय की लष्कराने निकाली काढलेला एम३५ए२ (अमेरिकी बनावटीचा दहा टायरांचा लष्करी मालवाहू ट्रक) लिलावात घेतलात, यार्ड घरापासून ३०० किलोमीटरवर आहे, तिथल्या माणसाने सेल्फ मारून गाडी चालू करून दाखवली, आणि ट्रेलरचं भाडं ऐकल्यावर आता चालवतच आणावी असं वाटतंय. मीही असंच केलं होतं. ट्रक हाच, अंतर तुमच्या निम्मं. पोचलो, पण दुसऱ्या दिवशी, आणि निम्म्याहून जास्त रस्ता ट्रक ट्रेलरवर आणि मी ट्रेलरवाल्याच्या शेजारी. भाडं शेवटी द्यावंच लागलं, तेही रात्रीचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ठरवलेलं. तेव्हा माझं मत विचाराल तर ट्रेलरच बोलवा.

यार्डात इंजिन चालू करून दाखवतात, कारण दाखवण्यासारखं तेवढंच असतं. या ट्रकचं मल्टिफ्युएल, म्हणजे डिझेलशिवाय इतर इंधनांवरही चालणारं, इंजिन मोठं चिवट. इंधनाचा पंप यांत्रिक, भानगडी कमी. वर्षानुवर्षं उभं असलं तरी दोन चांगल्या बॅटऱ्या आणि थोडं ताजं डिझेल मिळालं की धडधडायला लागतं. रबराचं तसं नाही. टायर, होज पाइप, व्हील सिलिंडरमधले (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरमधले) रबरी कप हे सगळं उभ्या उभ्या म्हातारं होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

माझा घात ब्रेकने केला. एम३५ए२ला एअर-ओव्हर-हायड्रॉलिक ब्रेक असतात, म्हणजे हवेचा दाब तुमच्या पायाला जोर देतो, पण चाकांपर्यंत जातं ते ब्रेक ऑइलच. आणि त्या ऑइलचं सर्किट एकच. पुढचं वेगळं, मागचं वेगळं अशी सोय नाही. एका चाकाचा सिलिंडर फुटला की सगळ्याच चाकांचा ब्रेक जातो. यार्डात मी पेडल तीन-चारदा दाबून बघितलं होतं, मस्त कडक लागलं. साठेक किलोमीटरनंतर एका उतारावर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुढच्या वळणाला आणखी खाली. मग मात्र गिअर उतरवत, इंजिनावर वेग मारत गाडी कडेला घेतली. वाकून बघितलं तर मागच्या उजव्या जोडचाकातल्या आतल्या टायरवर जांभळट ओघळ आलेला, त्याला धूळ चिकटून काळपट चिखल झालेला. हँडब्रेक आहे की, असं म्हणाल. पण तो चाकांवर नाही, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर धरतो. उभी गाडी जागेवर ठेवायला तो ठीक आहे. धावती सहा टनांची गाडी त्याच्या भरवशावर थांबवायचा विचारही करू नका.

ते जांभळट ऑइल सिलिकॉनचं, म्हणजे डॉट ५ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी). अमेरिकी लष्कराने १९८०च्या दशकात आपल्या गाड्यांत तेच भरायला सुरुवात केली. ते आणि नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून पातळी कमी दिसली तरी दुकानातली हाताला येईल ती बाटली ओतू नका. त्यात गंमत अशी की डॉट ५.१ नावाचं जे मिळतं ते सिलिकॉनचं नव्हे, तेही डॉट ३च्याच जातीचं. या नावाने भले भले फसतात.

ट्रक लादून नेणार असाल तरीही यार्डात एवढं बघाच, कारण ट्रेलरवर चढवताना आणि उतरवताना ब्रेक लागतातच. हवेचा दाब पूर्ण भरू द्या. कमी असेल तोवर बझर कोकलत राहतो. मग पेडल दाबून पूर्ण एक मिनिट पाय तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय. त्यानंतर टॉर्च घेऊन खाली शिरा आणि प्रत्येक चाकाची आतली बाजू बघा. शेवटी यार्डातच दोन-चार फेऱ्या मारून ब्रेक वापरा, उतरून प्रत्येक ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलाय म्हणजे लाइनर चिकटून राहिलेत. एखादा थंडगार आहे म्हणजे तिथे ब्रेक लागतच नाही.

टायरचं थोडक्यात सांगतो. दहा टायर, बहुधा ९.००-२०. नक्षी खोल दिसते म्हणून भुलू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख शोधा: १४०९ म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा, त्यावर महामार्गावर जायचं नाही. मागच्या जोडीतला आतला टायर बसला तर बाहेरचा भार उचलून धरतो आणि चालकाला पत्ताच लागत नाही, म्हणून हवा नजरेने जोखू नका, गेज लावा. आणि रिमवर टायर धरून ठेवणारी लोखंडी लॉक रिंग असते. बसलेल्या टायरमध्ये जागच्या जागी हवा भरायला जाल तर ती रिंग गोळीसारखी सुटू शकते. माणसं मेली आहेत यात. ते काम सुटलेली रिंग अडवणारा लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच द्या.

आता ट्रेलर. वाहतूकदार पहिल्यांदा वजन आणि मापं विचारेल. रिकामा ट्रक सुमारे ६ टन, विंच असेल तर थोडा जास्त. लांबी साधारण ६.७ मीटर, रुंदी २.४. ताडपत्रीसकट उंची २.८ मीटरच्या आसपास. साध्या फ्लॅटबेडचा पाटा जमिनीपासून दीड मीटर धरा, म्हणजे बेरीज सव्वाचारच्या वर जाते आणि वाटेतला प्रत्येक पूल मोजत बसावं लागतं. म्हणून लोबेड, म्हणजे खालच्या पाट्याचा ट्रेलर मागवा, आणि ताडपत्री व कमानी आधीच उतरवून हौद्यात बांधून ठेवा. वाऱ्यात उलट्या दिशेने फडफडून जुनी ताडपत्री चिंध्या होते, माझी झाली. पिकअपमागे लावायच्या ट्रेलरवर हा ट्रक नेतो म्हणणारा मित्र प्रत्येकालाच असतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून आठ-नऊ टन होतात, हे त्याला सांगा आणि विषय संपवा.

बांधायला साखळ्याच हव्यात, चारही कोपऱ्यांना एकेक, पुढच्या बंपरच्या शॅकलमधून आणि मागे अॅक्सलला धरून. स्प्रिंगला, ब्रेकच्या पाइपवरून किंवा स्टीअरिंगच्या दांड्याला साखळी घालणारा दिसला तर तिथेच थांबवा. पन्नासेक किलोमीटरनंतर गाडी थांबवून साखळ्या पुन्हा ताणायला लावा, कारण टायर आणि स्प्रिंग बसतात आणि साखळ्या ढिल्या पडतात.

दुसऱ्या ट्रकला टोचन करून ओढत नेण्याचा पर्याय कुणी सुचवला तर प्रॉपेलर शाफ्ट काढल्याशिवाय नाही म्हणा. चाकं फिरली की शाफ्टमार्गे आतले गिअर फिरतात आणि इंजिन बंद असताना त्यांना नीट वंगण मिळत नाही. शिवाय इंजिन बंद म्हणजे हवा भरली जात नाही, आणि हवा नसली की पेडल दगडासारखं.

एवढं ऐकूनही चालवतच आणणार असाल तर आधी कागद बघा. काही लिलावांत वाहन फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी विकतात. तसं लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर विमा आणि तात्पुरती नोंदणी यार्डाच्या फाटकाबाहेर पडण्याआधी हवी. चासी नंबर कागदावर आहे तोच प्लेटवर आहे ना, तेही तिथेच ताडून घ्या.

मग ती तीन खटक्यांची दिव्यांची पेटी शिकून घ्या. एक खटका वर धरून ठेवल्याशिवाय मुख्य खटका नागरी दिव्यांवर (नेहमीच्या रस्त्यावरच्या दिव्यांवर) फिरतच नाही. आणि मुख्य खटका बंद स्थितीत असला तर ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागत नाही. दिवसा चालवताना तो खास ब्रेकच्या दिव्यासाठी दिलेल्या जागेवर ठेवायचा. मला हे मागून हॉर्न मारत आलेल्या एका बसवाल्याने, त्याच्या भाषेत, समजावून सांगितलं. इंजिन बंद करायलाही स्विच नाही, डिझेल तोडणारी मूठ बाहेर ओढायची. स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहतं आणि नवा मालक घाबरून जातो.

कमाल वेग ९० लिहिलेला असतो. ७०च्या वर जाऊ नका. डिझेल लिटरला साडेतीन-चार किलोमीटर धरा. टाकीच्या तळाचा गाळ वर येतो आणि गाडी मरते, म्हणून फिल्टर जास्तीचे ठेवा. टर्बोवाला असेल तर शिट्टी अशी वाजते की पहिले दहा मिनिटं मजा येते; नंतरसाठी कानात घालायचे बोळे न्या. मागे एक गाडी हवीच, आणि त्यातला माणूस सतत मागच्या चाकांकडे बघणारा हवा, फोनकडे नाही.

ट्रेलर ठरला की यार्डाला फोन करून दोन गोष्टी विचारा: लादायला रॅम्प किंवा धक्का आहे का, आणि दाखवताना वापरलेल्या बॅटऱ्या ट्रकसोबत मिळणार आहेत का. बऱ्याचदा त्या यार्डाच्याच असतात आणि तुम्ही पोचता तेव्हा बॅटरीची पेटी रिकामी असते. गाडी २४ व्होल्टची आहे, त्यामुळे तुमच्या कारवरून केबल लावून ती चालू करायला जाऊ नका. १२ व्होल्टच्या दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, दोन्ही एकापुढे एक जोडायची जाड केबल आणि टर्मिनलचा पाना घरूनच न्या. पाना मी विसरलो होतो.